नाताळ, देणं आणि "जग देवाने बनवलं का?": गोव्यातल्या एका मराठी ख्रिस्ती बाईला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नगर जिल्ह्यातली, घरी तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, लग्नानंतर गोव्यात आले त्याला आता एकवीस वर्षं झाली. म्हापशाजवळ राहते, हायस्कूलमध्ये सायन्स शिकवते. डिसेंबर लागला की स्टाफरूममध्ये, बिल्डिंगमध्ये, बाजारात तेच तेच प्रश्न येतात आणि लोक चांगल्या मनाने विचारतात म्हणून दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देऊन मलाच वाईट वाटतं, त्यामुळे एकदाच नीट बसून लिहिते.

तुम्ही घरात मराठी बोलता, मग ख्रिश्चन कशा काय?

हा सगळ्यात पहिला प्रश्न, गोव्यात तर हमखास, कारण इथे ख्रिश्चन म्हणजे कोंकणी बोलणारे कॅथलिक असंच डोक्यात बसलंय. आमच्याकडे नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून आहे, आमची उपासना मराठीत, गाणी मराठीत, कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओव्यांच्या चालीत जी भक्तिगीतं दिली ती आम्ही पेटी-तबल्यावर गातो. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, एकट्या बाईने, ते १९२४ मध्ये त्यांच्या मागे छापलं गेलं.

आणि गोव्याचंच बघा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडचा जेझुइट पाद्री १५७९ मध्ये इथे आला, साष्टीत राहिला, मराठी-कोंकणी शिकला आणि त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. त्याचं पहिलं पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच सुरू होतं. म्हणजे "देवाने जग कसं केलं" ही बायबलची गोष्ट मराठी ओवीत पहिल्यांदा छापून आली ती या गोव्यात, चारशे वर्षांपूर्वी, त्यामुळे मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द एकत्र आले की मला काही परकं वाटत नाही.

ख्रिश्चन झालं की सवलती मिळतात ना?

उलट आहे हो. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना आजपर्यंत नाही. नगरकडच्या आमच्या कितीतरी घरांनी धर्म बदलला तेव्हा हातातलं होतं ते पण गेलं, वस्ती तीच राहिली, लोकांची नजर तीच राहिली, फक्त सर्टिफिकेट गेलं. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत पण प्रश्न विचारणाऱ्याला खरं माहीत असावं.

धर्म ज्याने त्याने घरात ठेवावा, चारचौघात कशाला आणायचा?

या प्रश्नाचा मी खूप विचार केलाय. गोव्यात धर्म घरात राहतच नाही, कोणाचाच नाही. रस्त्याच्या वळणावर खुरीस (क्रूस), अंगणात तुळस, म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (सणाला) हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या असतात कारण तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि ओल्ड गोव्याला ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला येणारे सगळे काही कॅथलिक नसतात. इथली माणसं एकमेकांच्या देवाला ओळखतात.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म मानणं, पाळणं आणि त्याचा प्रसार करणं तिन्ही आहे, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करायचा हक्क नव्हे. मला हे दोन्ही मान्य आहे. माझा विश्वास मी सांगू शकते, तुझ्यावर लादू शकत नाही. आणि एक गोष्ट आमच्याच लोकांना पण माहीत नसते, संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी तेव्हा आपल्यासाठी राखीव जागा नकोत म्हणून सांगितलं, शेजाऱ्यांवर विश्वास ठेवून राहू म्हणाले. २०११ च्या जनगणनेत गोव्यात आम्ही २५ टक्के आणि देशात २.३ टक्के, म्हणजे त्यांनी तो विश्वास किती कमी संख्येच्या जोरावर ठेवला बघा.

माझ्यापुरतं सांगते, चारचौघात धर्म म्हणजे माझ्यासाठी मोठ्या आवाजाचा स्पीकर नाही. शाळेत परीक्षेच्या ड्युटीला खोटं करायला सांगितलं तर नाही म्हणणं, पंचायतीत कामासाठी वरचे पैसे न देणं, हे धर्माचं चारचौघातलं रूप. एका ठिकाणी असंच नाही म्हटलं म्हणून माझं काम आठ महिने अडकलं होतं, ऑफिसचं नाव घेत नाही, पण त्या आठ महिन्यांत माझा देवावरचा विश्वास जेवढा खरा झाला तेवढा कुठल्याच प्रार्थनासभेत नाही झाला.

आणि इन्क्विझिशनचं काय? ते विसरायचं का?

नाही, विसरायचं नाही. इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळत नाही असा आरोप ठेवून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० ला सुरू झालं आणि मध्ये थोडा खंड पडून १८१२ ला कायमचं बंद झालं. देवळं पाडली, लोकांनी देव उचलून नदी ओलांडली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. ख्रिस्ताच्या नावाने हे झालं आणि ते पाप होतं, त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये चर्चच्या इतिहासातल्या अशा पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. मी कॅथलिक नाही, तेव्हाचे राज्यकर्ते माझे कोणी नव्हेत, तरी शेजारच्या काकींनी हा विषय काढला तर मी "पण तेव्हा असं असं होतं" करत बसत नाही. ऐकून घेते. आपल्या माणसांनी केलेलं असेल तर आधी ऐकूनच घ्यायचं असतं.

त्याच चर्चमधून नंतर १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या घरात पोर्तुगीजांविरुद्ध उठावाचा कट झाला त्यात गोंयकार पाद्री पुढे होते हे पण खरं आहे, आणि बाणावलीला जन्मलेले पाद्री जोसेफ वाझ श्रीलंकेत कँडीला देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळत असताना त्यांची सेवा करत राहिले, २०१५ मध्ये त्यांना संत केलं. पण मी हे इन्क्विझिशनच्या प्रश्नाला उत्तर म्हणून कधी वापरत नाही, एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात ते असा हिशोब होत नसतो.

फादर लोक राजकारणावर का बोलतात?

कारण पाणी, जमीन, मजुरी हे सगळं राजकारणातच ठरतं. कोणाला मत द्या हे वेदीवरून सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण गरिबाची जमीन जाते तेव्हा गप्प बसा असं बायबलमध्ये कुठेच नाही, आमोस संदेष्टा वाचा, अख्खं पुस्तक तेच आहे.

कुसवाद म्हणजे काय? आम्ही हिंदू आहोत, आम्ही घेतलं तर चालतं ना?

चालतं काय, तुमच्यासाठीच असतो तो! कुसवाद (कोणी कुसवार म्हणतं) म्हणजे नाताळचं घरचं गोडधोड थाळीत मांडून शेजारीपाजारी पाठवायचं. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुलं, दोस, केक. देवाला दाखवलेला नैवेद्य वगैरे असं काही त्यात नसतं, त्यामुळे मनात शंका असेल तर काढून टाका. चवथीला तुमच्याकडून नेवऱ्या येतात तेच उलट दिशेने.

मी हे सगळं इथे आल्यावर शिकले, आमच्याकडे नगरला करंज्या आणि अनारसे असायचे. शेजारच्या कॅथलिक आंटींकडे पहिल्यांदा दोदोल ढवळायला बसले तेव्हा मला वाटलं अर्ध्या तासाचं काम असेल. नारळाचा दाट रस, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, चुलीवर मोठी कायल आणि लाकडी उलथनं. आधी ते पातळ असतं, मग जड होतं, मग इतकं जड की दोन्ही हातांनी ओढायला लागतं आणि हात थांबला की तळाला धरतं म्हणून आंटी मागून ओरडत असतात. दोन-अडीच तासांनी कडेने तेल सुटायला लागतं आणि गोळा कायलीपासून वेगळा होतो, चमकतो नुसता. तेव्हा आंटींनी पहिलं काय केलं तर चमचाभर स्वतःच्या घरात न ठेवता ताटल्या मोजायला घेतल्या, कोणाकोणाकडे जाणार आहे ते. वाड्यावरची सतरा घरं, त्यात हिंदू अकरा. तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलंय त्यांच्याकडे पाठवायचं का?

हो, त्यांच्याकडे तर आधी. आमच्या वाड्यावर दुःखाच्या घरी गोड करत नाहीत, म्हणून बाकीचे पाठवतात. थाळी नेऊन लगेच परत फिरू नका, पाच मिनिटं बसा.

नाताळात दान किती करावं? काही नियम आहे का?

बायबलच्या जुन्या करारात दशमांश आहे, उत्पन्नाचा दहावा भाग, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बरेच जण आजही काढतात आणि मी पण काढते. नव्या करारात प्रेषित पौलाने आकडा दिलेला नाही, मनात ठरवलंय तेवढं द्या, कुढत किंवा भरीला पडून देऊ नका असं आहे. आणि येशूने मंदिरात ती विधवा दाखवली ना, दोन दमड्या टाकणारी, त्यावरून आकड्याचा प्रश्न माझ्यासाठी संपला.

माझं स्वतःचं म्हणणं विचाराल तर "दान" हा शब्दच मला नीट बसत नाही. देवाने जग केलं हे मी मानते ना, मग माझ्याकडे आहे ते मुळात माझं नाही, कुठलीही गोष्ट मी शून्यातून केलेली नाही, तर मग दिलं म्हणजे उपकार कसला, ज्याचं होतं त्याच्याकडे फिरून गेलं एवढंच. हे पटलं की देताना मान ताठ राहत नाही आणि घेणाऱ्याची खाली जात नाही.

व्यवहारातलं थोडं सांगते कारण चुका मी सगळ्या केल्यात. फाटके, बटण तुटलेले कपडे देऊ नका, स्वतः घालाल असंच द्या. आधी विचारा काय पाहिजे, आम्ही एका वर्षी बांधकामावरच्या मजुरांना केक नेले आणि त्यांना पाहिजे होती ब्लँकेटं, डिसेंबरात पत्र्याच्या खोलीत रात्री किती गारठतं ते आम्हाला बंद खिडकीच्या घरात कळलंच नव्हतं. फोटो काढू नका. खरंच काढू नका, डाव्या हाताला कळू देऊ नका असं येशूने म्हटलंय तर अख्ख्या स्टेटसला कशाला कळवायचं. घरात काम करणाऱ्या मावशींचे पैसे आणि बोनस २० तारखेच्या आत द्या, त्यांना पण बाजार करायचा असतो. आणि जानेवारी-फेब्रुवारीसाठी काही बाजूला ठेवा, कारण डिसेंबरात आश्रमात केकचा ढीग असतो आणि फेब्रुवारीत औषधाला पैसे नसतात.

टॅक्सची पावती हवी असेल तर ट्रस्टकडे देणगीवरच्या टॅक्स सवलतीची मान्यता (लोक तिला ८०जी म्हणतात) आहे का बघा आणि चेक किंवा ऑनलाइन द्या, २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रेजिममध्ये ती तशीही नाही.

लंडनचा भाऊ आमच्या गटाला पैसे पाठवतो म्हणतोय, घेऊ का?

आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे कारण कित्येकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पोर्तुगीज नागरिक झाला असेल तर तुमच्या ट्रस्टला पाठवलेले पैसे परदेशी देणगी होतात, मग तो सख्खा भाऊ असला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, आणि त्यासाठी एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, पैसे पण दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच आले पाहिजेत. भावनेच्या भरात एखाद्याच्या खात्यात मागवू नका, चांगल्या कामाला बट्टा लागतो.

तुम्ही गरिबांना वाटता म्हणजे धर्मात ओढायलाच ना?

विचारणाऱ्याचा राग येत नाही मला, कारण असं वागणारे लोक असतात. आमच्या गटाचा नियम साधा आहे, सामानासोबत पत्रक नाही, प्रार्थनेची अट नाही, नंतर बोलावणं नाही. कोणी स्वतःहून विचारलं की तुम्ही हे का करता तर मी खरं सांगते, येशूमुळे. तिथे थांबते. पोटाला चिमटा असलेल्या माणसाचं "हो" हे हो नसतं, असं मिळवलेलं हो घेऊन मी देवासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

सान्ताक्लॉज बायबलमध्ये आहे का?

नाही. मायरा गावचे, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातले, बिशप निकोलस यांच्यावरून तो आलाय, त्यांचा सण ६ डिसेंबरला. मुलांना आवडतो, असू दे. गोव्यात मात्र ६ जानेवारीचे तीन राजे जरूर दाखवा मुलांना, रेइश मागूशला, चांदरला, कासावलीजवळ कुवेलीला छोटी मुलं राजे बनून निघतात ते बघण्यासारखं असतं.

सायन्स टीचर असून देवाने सहा दिवसांत जग बनवलं मानता?

देवाने बनवलं हे पूर्ण मनाने मानते. सहा दिवस म्हणजे चोवीस-चोवीस तासांचे सहा दिवस, असं मानत नाही. आमच्या मंडळीत काही जण तसं मानतात, त्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रार्थना करणारी माणसं आहेत, आम्ही यावर भांडलो पण आहोत आणि दुसऱ्या रविवारी एकाच बाकावर बसलो पण आहोत.

मी तसं का मानत नाही ते बायबलमधूनच सांगते. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा, संध्याकाळ झाली सकाळ झाली पहिला दिवस, असं तीनदा होतं आणि सूर्य येतो चौथ्या दिवशी. लिहिणाऱ्याला एवढं कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? पुढे दुसऱ्या अध्यायात क्रमच वेगळा आहे, आधी माणूस, मग बाग, मग प्राणी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत आणि कोणी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला नाही, कारण सांगायचं वेगळंच होतं. आजूबाजूची राज्यं सूर्य-चंद्राला देव मानत होती आणि हा लेखक त्यांची नावं पण घेत नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणतो, दिवे आहेत म्हणतो, देवाने टांगलेले. आणि पुन्हा पुन्हा "चांगले आहे". हे जग अपघाताने फेकलेलं नाही आणि वाईट पण नाही, एवढं मोठं विधान त्यात आहे, ते लॅबच्या जर्नलमध्ये मावत नाही. संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वीच सांगून गेले की दिवस म्हणजे कसले दिवस हे ठरवणं अवघड आहे, तेव्हा डार्विन जन्मायला चौदाशे वर्षं होती.

पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, हे मी वर्गात शिकवते आणि मला ते खरं वाटतं. वाटाण्यांवरून आनुवंशिकता काढणारे मेंडेल मठातले साधू होते, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक पाद्री. कॅथलिक चर्चने उत्क्रांतीच्या अभ्यासाला १९५० मध्ये वाट मोकळी केली आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की ती आता नुसती कल्पना राहिलेली नाही.

मग वर्गात मुलं विचारतात तेव्हा काय सांगता?

वर्गात सायन्स सांगते. जीवाश्म, बदल, नैसर्गिक निवड, सगळं, हातचं न राखता. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा मला फार वाईट वाटलं, ख्रिस्ती म्हणून पण वाईट वाटलं, कारण देवाने केलेलं जग कसं चालतं हे मुलांपासून लपवून देवाचा कुठला मान राखला जातो? "टीचर, तुम्ही देव मानता ना?" असं कोणी विचारलं तर हो म्हणते, पण कसं झालं हे सायन्सच्या तासाला आणि का झालं हे तुझ्या घरी, तुझ्या आईबाबांबरोबर.

सृष्टी देवाची म्हणता, मग गोव्यातल्या जमिनींचं काय?

हा प्रश्न एका आठवीच्या मुलीने विचारला होता आणि तेव्हापासून मी दरवर्षी मुलांना खाजन शेत, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेलं शेत, दाखवायला नेते. बांधाच्या तोंडाला मानस असतं, लाकडी दारांचं. भरती आली की नदीचं खारं पाणी स्वतःच्या जोराने दारं लावून घेतं, ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. मुलांना मी दाराला हात लावून उभं करते, ओहोटी सुरू होताना ते लाकूड आधी थरथरतं आणि मग हलकेच फटीतून पाणी वाहायला लागतं, सगळी एकदम गप्प होतात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला. राखायला हा शब्द मला त्या बांधावर कळला. बांध फुटू दिला की खारं पाणी शिरतं आणि शेत गेलं म्हणजे गेलं.

कणसाचं फेस्त बघितलंय का? रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला, पाद्री विळा घेऊन शेतात जातात, पहिली कणसं कापून आशीर्वाद देऊन इगर्जीत (चर्चमध्ये) आणतात आणि मग घरोघर वाटतात. हिंदू घरात चवथीच्या दिवसांत नवें म्हणून हीच कणसं पुजून दारावर बांधतात. पीक माझ्या घामाचं तरी पहिलं कणीस माझं नाही, दोन्ही घरांत तेच.

म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात मोलेच्या जंगलासाठी चांदरला माणसं रात्रभर रेल्वे रुळांवर बसली तेव्हा मला ती प्रार्थनाच वाटली, सगळ्या धर्मांची पोरं होती. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. स्वतःचा प्लॉट विकताना मात्र आपण सगळेच, ख्रिस्ती सुद्धा, कोणाला विकतोय आणि तिथे काय उभं राहणार ते विचारत नाही. हे मला खुपतं आणि यावर आमच्या मंडळीत मी बोलत राहणार.

कुसवादची थाळी आली, रिकामी परत करायची का?

रिकामी कधीच नाही. घरात काही नसेल तर साखर घाला, मूठभर तांदूळ, अंगणातली दोन लिंबं पण चालतात. आणि वरचा क्रोशाचा रुमाल धुऊन, घडी करून द्या, आंटी तो दरवर्षी तोच वापरतात.